भिंतीमागे कोण होतं?

तुम्ही चोर आहात. तीन पर्वं खपून एक बाई आमच्यासमोर उभी केलीत आणि चौथ्या पर्वाच्या शेवटच्या पाच मिनिटांत तिला उचलून नेलंत. तिच्या जागी दुसरीच कोणीतरी आणून ठेवलीत. तोंड तेच, केस तेच, कपडे तेवढे नवे चकचकीत. तुम्हाला वाटलं कुणाच्या लक्षात येणार नाही.

माझ्या आलं. मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी इस्त्री करते. सातवीपर्यंत शाळा झाली. पुढचं शिक्षण गाठोड्यांतून झालं, म्हणजे पेशंट उशीखाली जी मासिकं नि पुस्तकं विसरतात ती मळक्या चादरींतून आमच्याकडे येतात, ती वाचून. लिहायला कुणी शिकवलं नाही, त्यामुळे गोड कसं लिहायचं ते मला येत नाही. वाचायचं तर असंच वाचा.

तुमचं नाव माहीत नाही. भाग संपला की नावं अशी भरभर वर पळतात, जणू मागे पोलीस लागलेत. एकदा मोबाईल मध्येच थांबवून बघितलं, तर लेखनाखाली सात जण निघाले. सातांत हे डोकं कुणाचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

तुमच्यामुळे माझ्या नणंदेच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. तुमच्यामुळे आणि माझ्यामुळे. माझा वाटा मी सांगणार आहे, खाली मान घालून पण सांगणार आहे. आधी तुमचा.

त्या बाईला तुम्ही काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं. आम्ही लाँड्रीत तिला घणबाई म्हणायचो, कारण तिच्या तळहातात घणाचं बळ होतं. एक थाप, की भिंत खाली. खरं सांगते, पहिल्या पर्वात ती मला डोळ्यासमोर नको व्हायची. उठसूट भिंती पाडायची आणि केस झटकायची. मग पर्वाच्या शेवटी एका चोरामागे धावताना तिने गोदामाची भिंत पाडली आणि पलीकडे पहारेकरी डबा खात बसला होता. त्याच्या डब्याचं झाकण घरंगळत तिच्या पायाशी येऊन गोल गोल फिरलं आणि पडलं. तुम्ही तेवढंच दाखवलंत. पहारेकऱ्याचं तोंडही दाखवलं नाहीत. त्या दिवशी मी मनात म्हटलं, लिहिणाऱ्याला अक्कल आहे.

दुसऱ्या पर्वात ती रोज त्या पहारेकऱ्याच्या बायकोच्या दारात जाऊन उभी राहायची. दार काही उघडायचं नाही. दहा भाग तुम्ही ते दार उघडलं नाहीत! माझ्या शेजारी चादरी लावणारी आमची बडबडी, दोन पोरांची आई, पण बघताना तिसरं पोर होते, ती वैतागून म्हणायची, "अगं बाई, एका बोटाने पाडशील ते दार. उभी काय राहतेस खांबासारखी?"

नणंद म्हणायची, "पाडता येतं म्हणूनच उभी आहे."

अकराव्या भागात दार उघडलं. बायकोने तिच्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "तू विचारायचं होतंस." आणि पुन्हा दार लावून घेतलं.

त्यानंतर घणबाईने एकही भिंत न विचारता पाडली नाही. आधी बोटाच्या पेराने दोनदा टकटक. मग, "मागे कोण आहे?" मग तीन श्वास थांबायचं. त्या तीन श्वासांत चोर पसार व्हायचे, पुढारी तिला भित्री म्हणायचे, रस्त्यावरची पोरं तिला बघून हवेत टकटक करायची. ती थांबायचीच. तिसऱ्या पर्वात कोसळलेल्या इमारतीसमोर तिने टकटक केली आणि खूप वेळाने आतून उलटी टकटक आली. आम्ही पाच जणी गाठोड्यांवर बसून ढसाढसा रडलो. त्या दिवशी वॉर्डांत उश्यांच्या खोळी उशिरा गेल्या.

आता आमची इस्त्री कशी असते ते समजून घ्या, कारण तुमच्या घरातली ती नाही. तीन माणसं आडवी झोपतील एवढी लांब, छातीइतकी उंच, आत तापलेले रोलर. पुढून दोघी ओली चादर लावतात, रोलर ती खेचून घेतात, मागे एक जण ती कोरडी, कडक झालेली काढते. पुढचीला मागची दिसत नाही. मध्ये पत्र्याची भिंत आणि वाफ. चादर आत गुंडाळून अडकली की पुढची लाल बटण दाबते, यंत्र थांबतं, मागची आत हात घालून चादर सोडवते, आणि पुढची हिरवं बटण दाबते. हिरवं बटण तळहाताएवढं आहे. मागच्या बाजूला पूर्वी जाळी होती. काम अडतं म्हणून साहेबांनी ती काढून ठेवली. साहेबांशी माझं वेगळं भांडण आहे, ते मी त्यांच्या तोंडावर करते. हे तुमच्याशी आहे.

मागे नणंद असायची. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. नवरा गेला, नणंद राहिली. दोन खोल्यांत आम्ही दोघी. ती मला वहिनी म्हणते म्हणून सगळी लाँड्री मला वहिनी म्हणते. तिचं खरं काम रफूचं. फाटकी चादर तिच्या हातात द्यावी आणि नंतर फाटलं कुठे होतं ते शोधत बसावं. रफू संपलं की ती इस्त्रीमागे येऊन उभी राहायची. वीस वर्षं त्या घरघरीत काढून तिचा डावा कान निम्मा गेलाय.

आम्ही दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत, साबणाच्या पिंपावर मोबाईल टेकवून, आदल्या दिवशीचा भाग बघायचो. घणबाईची पहिली टकटक बघितली, त्याच दुपारी नणंद यंत्रामागून पुढे आली. हातात लाकडी पट्टी.

"वहिनी, यापुढे हिरवं दाबायच्या आधी या पत्र्यावर दोनदा टकटक करायची. मग विचारायचं, मागे कोण. मी 'बाहेर' म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही."

"आणि वन्सं, तुम्हाला ऐकूच आलं नाही तर?"

"ऐकू नाही आलं तर मी उत्तर देणार नाही. उत्तर नाही तर यंत्र नाही. एवढं काय त्यात?"

बडबडी हसून लोळली. "घणबाईचा शिकवणी वर्ग निघाला!" पण दुसऱ्या दिवसापासून तीही टकटक करायला लागली. आठवड्याने साहेब आले. हे काय ठोकाठोकी चाललीय, वेळ जातो म्हणाले. नणंद म्हणाली, "साहेब, तुम्ही या इकडे मागे, हात घाला आत. आम्ही न विचारता दाबतो. बघू किती वेळ वाचतो." साहेब घड्याळ बघत निघून गेले.

त्याआधी आमच्यात दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा तरी हात भाजायचा. टकटक सुरू झाल्यापासून दीड वर्षात एकीचाही नाही. ही गोष्ट तुम्हाला माहीत नव्हती. कुणी सांगितलीच नाही. मीच लिहायला हवी होती तेव्हा, पण चांगलं असताना पत्र लिहायचं सुचत नाही.

मग तुमचा शेवटचा भाग आला.

त्या शुक्रवारी नणंदेकडे ऑपरेशन थिएटरच्या झग्यांचं तातडीचं रफू आलं होतं. "तुम्ही बघा, मी नंतर बघीन. मला सांगू नका हं शेवट," असं बजावून ती खिडकीपाशी सुई घेऊन बसली, आमच्याकडे पाठ करून. आम्ही बघितलं. खलनायक भिंतीआड. घणबाई समोर. मी नकळत तीन श्वास मोजायला लागले. तिने केस झटकले. पहिल्या पर्वात झटकायची तसे. म्हणाली, "विचारत बसायचे दिवस गेले." आणि दोन्ही तळहात मारले. भिंत गेली. धूळ, ढोल, ती धुळीतून चालत येते, नवे कपडे चमकतात, संपलं.

बडबडीने टाळी वाजवली. "काय हाणली!"

मला जेवण गेलं नाही. तुम्हाला हसू येईल, पण मी डबा तसाच बंद केला. दार दहा भाग बंद ठेवणारे तुम्हीच ना? ती दारात उभी राहिली ती कशासाठी? पुढे तुमच्यातल्या एकाची मुलाखत वाचली. म्हणे तिला अपराधाच्या ओझ्यातून मोकळं करायचं होतं, म्हणे हा पात्राचा विकास. भिंत पाडायला काय लागतं हो? यंत्रानेही पडते. थांबणं तिने कमावलं होतं, आणि तुम्ही त्याला ओझं म्हणालात. आमच्या लाँड्रीत डाग न काढता नुसती इस्त्री फिरवून चादर पाठवली तर वॉर्डातून परत येते, शिव्यांसकट. तुमचं परत कोण पाठवणार?

सुट्टी संपली. नणंद रफू आटपून मागे उभी राहिली. मी आणि बडबडी पुढे. तासाभराने एक चादर आत गुंडाळली. मी लाल दाबलं. रोलर थांबले. पण आमची तोंडं थांबली नव्हती. जेवणापासूनच चालू होती.

"वहिनी, तुम्ही पण ना," बडबडी म्हणाली. "मालिका आहे ती. तुमची बहीण आहे का घणबाई?"

"बहीण असती तर थोबाडीत दिली असती. असं बोलते का ती? तीन वर्षं बघितलंय तिला मी."

"मग कसं बोलली? मला तर भारी वाटलं."

"भारी? बघ, कशी दिसते भारी ते." आणि मी नक्कल केली. केस झटकले. मान वाकडी केली. नाकातून म्हटलं, "विचारत बसायचे दिवस गेले!" आणि तिच्यासारखा तळहात उगारून मारला.

माझ्या हातासमोर भिंत नव्हती. हिरवं बटण होतं.

मागून काय आवाज आला ते मी लिहिणार नाही. तुम्ही तो एखाद्या भागात वापराल.

बडबडीने लाल दाबलं. मी नाही. मी तशीच उभी होते, नक्कल अंगात.

नणंदेला आमच्याच हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा ती डाव्या हाताने चादरीचा कोपरा चाचपत होती. "माझंच रफू आहे," म्हणाली. "बघ, सापडत नाही ना?" मला खरंच सापडलं नाही.

मग तिने विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसतं विचारलं. "वहिनी, तू टकटक केली होतीस?"

मी म्हटलं, "केली होती."

"आणि मी?"

"तुम्ही 'बाहेर' म्हणालात. मला तसं ऐकू आलं."

तिने चादरीचा कोपरा सोडला. "म्हणाले असेन," ती म्हणाली. "तोंडाला सवय लागलीय. हात आत आणि तोंड म्हणतं बाहेर. म्हातारपण, दुसरं काय." आणि माझ्या पाठीवर डावा हात फिरवला. कारण मी रडत होते आणि तिला वाटलं, तिच्यासाठीच रडतेय.

साहेबांनी कागद केला. कामगाराने स्वतः सुरक्षित असल्याचा इशारा दिला, सबब चूक कामगाराची. नणंदेने डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली. खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. सुंदर आहे, बघण्यासारखी. बडबडीने मान खाली घातली आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली. ती गप्प बसली म्हणून सगळ्यांना कळलं असावं. पण कुणी विचारलं नाही. विचारत बसायचे दिवस गेलेच होते.

महिना-दीड महिना गेला. नणंद घरी खिडकीत बसून डाव्या हाताने सुईत दोरा ओवायला शिकत होती. उरलेल्या अंगठ्यात आणि करंगळीत सुई धरायची, डाव्या हाताने दोरा आणायची, चुकायची, पुन्हा आणायची. येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःच सांगायची, "माझीच चूक हो. 'बाहेर' म्हणाले आणि आत होते." हसून सांगायची. प्रत्येक वेळी मी उठून स्वयंपाकघरात जायचे आणि धुतलेली भांडी परत धुवायचे.

एका रविवारी दुपारी ती म्हणाली, "वहिनी, घणबाईचा शेवटचा भाग माझा राहिलाय. लाव ना."

मी म्हटलं, मोबाईल चार्ज नाही. म्हणाली, कर. मी म्हटलं, काही खास नाही तो भाग. म्हणाली, "तुला कधीपासून खास नाही वाटायला लागलं? दाखव."

लावला. ती पुढे सरकून बसली, उजवा कान मोबाईलकडे करून. भिंत आली. खलनायक आड गेला. घणबाई समोर उभी राहिली. आणि माझ्या नणंदेने त्या उरलेल्या करंगळीच्या पेराने खुर्चीच्या हातावर दोनदा टकटक केली. सवयीने. ओठ हलले, मागे कोण आहे. आणि ती थांबली. पहिला श्वास झाला नाही तोच तिकडे भिंत पडली, ढोल वाजले.

"अगं," ती म्हणाली. "हिने विचारलंच नाही."

मी पदराने मोबाईलची काच पुसली.

"माझं बघायचं राहिलं का काही? मागे घे जरा."

मी मागे घेतलं. पुन्हा भिंत पडली. पुन्हा नाही विचारलं.

"असं कसं करील ती?" नणंद म्हणाली. "ही नाहीच ती. त्या दारात उभी राहिलेली बाई विसरेल का कधी?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तूच सांग. एकदा सवय लागल्यावर विसरतं का कुणी?"

तेव्हा मी सांगितलं. टकटक केली नव्हती. तुम्ही 'बाहेर' म्हणाला नव्हतात. मी हिची नक्कल करत होते, बडबडीला दाखवायला, ही किती वाईट वागली ते दाखवायला.

तिने मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने स्वतःचा हात बघितला, पुढून, मागून, रफू तपासावं तसा.

"महिनाभर मी लोकांना हसून सांगत होते," ती म्हणाली. "आणि तू भांडी घासत होतीस."

"वन्सं..."

"थांब. त्या भिंतीमागे कोण होतं?"

"कुठल्या?"

"आत्ता पाडली ती. खलनायक सोडून आणखी कोण होतं?"

"दाखवलं नाही त्यांनी."

"असं कसं दाखवलं नाही? डब्याचं झाकण दाखवलं होतं ना पहिल्यांदा? भिंतीमागे कुणीतरी असतंच. मी होते." मग म्हणाली, "जा, विचार त्यांना. कोण होतं ते विचारून ये, मग माझ्याशी बोल. तोवर वन्सं म्हणू नकोस मला."

त्याला आज एकोणीस दिवस झाले. एका घरात राहतो. मी ताट वाढते, ती जेवते. सुई ओवता येत नाही तेव्हा ती माझ्याकडे देत नाही, शेजारच्या घरी जाते.

दुसऱ्याच दिवशी मी साहेबांकडे गेले. म्हटलं, तो कागद खोटा आहे, चूक माझी आहे, फाडा आणि नवा लिहा. साहेब म्हणाले, कागद वर गेला, आता तो खरा झाला. मी नवा लिहून, सही करून त्यांच्या टेबलावर ठेवून आलेय आणि त्याची एक प्रत इस्त्रीच्या पत्र्यावर चिकटवलीय, हिरव्या बटणाच्या वर. साहेबांनी दोनदा काढली. मी तिसरी लावली. मला आता खोळी मोजायला बसवलंय. बडबडी पुढे उभी राहते. ती टकटक करते, इतक्या जोरात की आतल्या खोलीत मला ऐकू येते.

म्हणजे माझा वाटा मी उचलला. तुमचा राहिलाय.

मी तुम्हाला याआधी दोन पत्रं पाठवली. दोन्हींना एकच उत्तर आलं, "आपल्या प्रेमाबद्दल मनःपूर्वक आभार, पाचवं पर्व लवकरच." हे उत्तर यंत्राने दिलंय हे मला कळतं. यंत्रांशी माझा रोजचा संबंध आहे.

आता असं म्हणू नका की ती कथा आहे, भिंत पुठ्ठ्याची होती, मागे कुणी नव्हतं. पहारेकरीही पुठ्ठ्याच्याच भिंतीमागे होता. त्याच्यासाठी तुम्ही एका बाईला दहा भाग दारात उभं केलंत आणि आम्हाला तिच्या शेजारी उभं केलंत. तेव्हा खरं होतं, मग आता का नाही? बोटं परत मागत नाही. माफीही नको. ती तुम्ही चांगली लिहाल, तुमचा धंदाच आहे. मला एका माणसाचा पत्ता पाहिजे. तो काय करत होता तिथे, डबा खात होता का, झोपला होता का, त्याला टकटक ऐकायची सवय होती का, तो वाट बघत राहिला का. माझी नणंद खिडकीत बसलीय, मला घरी जाऊन तिला सांगायचंय.

दोनदा ठोकलंय. हे तिसरं पत्र. तीन श्वास कधीच झाले, तरी मी थांबलेय.

सातांपैकी कुणीही सांगा. भिंतीमागे कोण होतं?